अजिंठा : लेणी, नकला आणि भारताचा जगातील प्रभाव

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाघोरा नदीच्या, घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या दरीत कोरलेली तीस बौद्ध लेणी म्हणजे अजिंठा. काही लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, तर बहुतेक पाचव्या शतकातील वाकाटक काळातली आहेत. त्यांचे स्थापत्य, शिल्पे आणि जातककथा यांवर विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत नोंद मात्र या रंगवलेल्या भिंतींनी भारताला जगात जे स्थान मिळवून दिले, त्याविषयी आहे.

एखाद्या देशाची संस्कृती पाहून परक्यांच्या मनात त्या देशाविषयी ओढ निर्माण होते आणि ती ओढच त्या देशाचे बळ ठरते. या बळाला अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ असे नाव दिले. मराठीत त्याला सौम्य शक्ती म्हणतात. भारत सरकारने सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली १९५० मध्ये आणि ‘अतुल्य भारत’ ही पर्यटन मोहीम सुरू झाली २००२ मध्ये. अजिंठ्याचे काम त्यांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. दरीत तळ ठोकून चित्रांच्या नकला करणाऱ्या चित्रकारांनी ते केले.

जगाशी अजिंठ्याचे नाते तसे जन्मापासूनचे आहे. चित्रांतला गर्द निळा रंग लाजवर्द दगडाचा असून तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. गेरू, हिरवी माती, काजळी हे जवळपास मिळणारे रंग आणि त्यांच्या शेजारी शेकडो कोसांवरून आलेली ही निळाई. पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोप्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेले परदेशी पुरुष पेयपानात रमलेले दिसतात. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने एका डोंगरातील विहाराचे वर्णन करताना दारापाशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती असल्याचे लिहिले. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी प्रवेशद्वाराला लागून गुडघे टेकलेले दोन हत्ती आजही आहेत. नदीकडून वर चढणारा माणूस त्यांच्या मधूनच जातो. ते वर्णन अजिंठ्याचेच, असे अभ्यासक मानतात ते यामुळेच.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने शिकारीच्या निमित्ताने लेणी ‘शोधली’ असे सांगण्याची पद्धत आहे. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने कोरलेले नाव आणि तारीख अजून वाचता येते. पण लगतच्या गावाचे नाव लेणापूर आहे. स्थानिकांना लेणी ठाऊक होती, हे त्या नावातच आहे. स्मिथमुळे लेणी बाहेरच्या जगाला कळली, इतकेच म्हणणे रास्त होईल.

त्यानंतरचा इतिहास हा नकलांचा, आणि दुर्दैवाने आगींचाही. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराने अजिंठ्यात राहून वर्षानुवर्षे मोठमोठ्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्या हाताखाली येथेच घडले. ग्रिफिथ्स यांच्याही शंभरावर नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. आज ग्रिफिथ्स यांच्यावर दोष येतो तो भिंतीवर चढवलेल्या व्हार्निशचा. त्याने चित्रे काही काळ उठून दिसली आणि पुढे काळवंडली. हा दोष खरा आहे. तरीही मुंबईतल्या मुलांनी भिंतीपुढे बसून काढलेल्या त्या चित्रांमुळेच युरोपला कळले, की भारतात भित्तिचित्रांची अशी थोर परंपरा होती.

१९०९ ते १९११ दरम्यान ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्तीने नकला केल्या. तिच्या मदतीला नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण बंगाली चित्रकार आले होते. येथून प्रभावाची दिशा पालटली. अजिंठ्याची रेषा शांतिनिकेतनला पोहोचली आणि संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट करण्याचे काम पुढे नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांकडेच गेले. परक्यांनी वाखाणलेली वस्तू आपल्याच लोकांना नव्याने दिसावी, असेही घडते. रशियन नर्तिका अ‍ॅना पाव्हलोवा हिने भारतभेटीनंतर १९२३ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर आधारित नृत्यनाट्य लंडनमध्ये सादर केले. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथील पुरातत्त्व विभागाने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रे स्वच्छ करवली.

जपानशी जडलेला संबंध सर्वांत खोल आहे. कलाचिंतक ओकाकुरा काकुझो १९०१-०२ मध्ये भारतात आले आणि रवींद्रनाथ टागोरांच्या ठाकूर कुटुंबाशी त्यांची मैत्री झाली. त्या धाग्यावरून १९१६ मध्ये चित्रकार अराई काम्पो कोलकात्याला आले आणि पुढे जपानी सहकाऱ्यांसह अजिंठ्यात नकला करण्यासाठी राहिले. जपानी मनाला येथे परकेपणा वाटला नाही, याचे कारण नारा परिसरातील होर्यूजी या प्राचीन मंदिरात आहे. तेथील भिंतींवरचे बोधिसत्त्व आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, यांच्यात अभ्यासकांना फार जवळचे नाते दिसते : किंचित कललेली मान, अर्धोन्मीलित डोळे, रेषेने आणि छटांनी आणलेली गोलाई. भारतातून मध्य आशिया आणि चीनमार्गे जपानला पोहोचलेली ही शैली अराईंना उगमापाशी भेटली. त्यांनी केलेल्या नकला टोकियोत १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. १९४० पासून ते होर्यूजीच्याच भित्तिचित्रांच्या नकला करू लागले आणि ते काम चालू असतानाच १९४५ मध्ये वारले. २६ जानेवारी १९४९ रोजी, नकलांचे काम सुरूच असताना, होर्यूजीच्या मुख्य मंदिराला आग लागून मूळ चित्रे करपली. त्या धक्क्याने जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला. अजिंठ्याची भिंत मात्र उभी राहिली, म्हणून ती जपानला आणखी मोलाची झाली, असे या नोंदकर्त्याला वाटते.

या ओढीचे पुढे व्यवहारात रूपांतर झाले. १९८३ मध्ये भारताची पहिली चार स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत अजिंठा आणि वेरूळ होती. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनासाठी आणि पर्यटन विकासासाठी जपानने १९९२ आणि २००३ मध्ये अशी दोनदा कर्जे दिली. ते दान नव्हते, सवलतीचे दीर्घ मुदतीचे कर्ज होते, हे ध्यानात ठेवावे. त्यातून रस्ते, विमानतळ, पाणीपुरवठा, वनीकरण आणि लेण्यांची डागडुजी अशी कामे झाली. धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबवतात. तेथून एसटीच्या बसने चार किलोमीटर आत जायचे. पायऱ्या चढवत नसलेल्यांसाठी डोलीवाले असतात. जपानी बोलणारे स्थानिक गाइड हेही या संबंधाचेच फळ.

पण बांधणे आणि चालवणे यांत फरक असतो. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य अभ्यागत केंद्र २०१३ मध्ये उघडले आणि नंतर पाणी-विजेच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडले. दूरदेशीच्या पाहुण्याला बंद दार दाखवणे ही साधी कारभाराची चूक मानता येत नाही. शंभर वर्षांत चित्रकारांनी जे कमावले, ते अशाने झिजते.

धर्माचा धागा वेगळ्या वाटेने जपानला पोहोचला. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्र हा पुन्हा जिवंत बौद्ध प्रदेश झाला. २०१५ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. अजिंठा आणि दीक्षाभूमी यांची सांगड घालून परदेशी पाहुण्यांपुढे मांडण्याचे काम अजून नीटसे झालेले नाही, आणि ते व्हायला हवे.

पर्यटनाची मर्यादा मात्र भिंतीच ठरवतात. भाताची तुसे, शेण आणि माती यांच्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन त्यावर ही चित्रे काढलेली आहेत. माणसांच्या श्वासातली ओल आणि उष्णता त्यांना सोसत नाही. म्हणून चित्रे असलेल्या प्रमुख लेण्यांत एका वेळी साधारण चाळीसच माणसे, तीही पंधरा मिनिटांपुरती सोडण्याचा नियम आहे. फ्लॅशला बंदी आहे. सोमवारी लेणी बंद असतात.