बोस्नियात पडदा गेला, डोईचा रुमाल राहिला

लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे ही आग्नेय युरोपातल्या बाल्कन मुलखाची जुनी चाल. ती एका धर्माची नव्हती. सर्बियातल्या ऑर्थोडॉक्स, क्रोएशियातल्या कॅथलिक आणि बोस्नियातल्या मुस्लिम, अशा सगळ्याच बायका डोक्याला रुमाल बांधत. चौकोनी कापड तिरपं दुमडून त्याची दोन टोकं हनुवटीखाली बांधायची, नाहीतर हनुवटीखालून फिरवून मानेमागे गाठ मारायची. मागे गाठ असली की कामात वाकताना टोकं तोंडावर येत नाहीत.

माणूस कुठला हे पुरुषांच्या टोपीवरून लवकर कळे. लोकर थापून केलेली पांढरी टोपी अल्बेनियन माणसाची, काळ्या काठाची नि लाल माथ्याची माँटेनेग्रोची. लाल तुर्की टोपीची गोष्ट वेगळी. १८२९ मध्ये तुर्की (ऑटोमन) सुलतानाने फेटे काढायला लावून ती सरकारी नोकरांच्या डोक्यावर चढवली. पुढे ऑस्ट्रिया-हंगेरीने आपल्या बोस्नियन पलटणींनाही तीच दिली. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केल्यावर तुर्की मुलखात ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पडला, आणि त्यात ही टोपीही सापडली, कारण ती ऑस्ट्रियाच्या गिरण्यांतूनच यायची!

खरा वाद पेटला तो बायकांच्या चेहऱ्यावरून. जाड लोकरी कापडाचा पायघोळ 'फेरेजा' किंवा त्याहून हलका 'झार', आणि तोंडावर काळा पडदा, हा पोशाख मुख्यतः शहरातल्या मुस्लिम घरांतला. शेतात राबणाऱ्या बाईला तो परवडणाराच नव्हता. पडदा अनिवार्य नाही, असं १९२७ मध्ये बोस्नियाची राजधानी सारायेव्होतल्या सर्वोच्च मुस्लिम धर्मगुरूंनी जाहीरपणे म्हटलं, तेव्हा इतर उलेमा, म्हणजे इस्लामी धर्मपंडित, त्यांच्यावर तुटून पडले. शेजारच्या अल्बेनियाने १९३७ मध्ये चेहरा झाकण्यावर बंदी घातली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्निया ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या महिला आघाडीने १९४७ पासून मोहीम चालवली. सभेत व्यासपीठावर येऊन बायकांनी पडदा उतरवायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या वर्षी नव्या सर्वोच्च धर्मगुरूंनीही पाठिंबा दिला. पण सभेत उतरवलेला पडदा पुष्कळदा घरी गेल्यावर पुन्हा चढे. मन वळवणं जमेना, तेव्हा कायदा आला. २८ सप्टेंबर १९५० रोजी बोस्नियाच्या विधिमंडळाने झार आणि फेरेजावर बंदी घातली. घालणाऱ्या बाईला तीन महिन्यांपर्यंत कैद. तिला जबरदस्तीने घालायला लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत.

जबरदस्ती करणाऱ्याला जास्त शिक्षा, ही कायद्याची जमेची बाजू मानतात, आणि शिकलेल्या, नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलींना त्याचा आधार झाला हे खरंच. पण सासऱ्याविरुद्ध किंवा नवऱ्याविरुद्ध ठाण्यावर जाऊन तक्रार कोण करणार? उघड्या तोंडाने बाहेर पडायला लाजणाऱ्या कितीतरी वयस्कर बायका त्यानंतर घराबाहेरच पडेनाशा झाल्या. ज्यांच्या सुटकेसाठी म्हणून कायदा केला, त्यांच्यातल्याच काही जणी अशा घरात अडकल्या. मोहिमेच्या अहवालांत पडदा उतरवलेल्यांचे आकडे असत. या बायकांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

कायद्याने रुमालाला मात्र हात लावला नाही. म्हणून खेड्यापाड्यांतल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती म्हाताऱ्या तो पुढेही बांधत राहिल्या.

बोस्नियातल्या १९९२ ते ९५ च्या युद्धानंतर शहरांतल्या तरुण मुली डोकं झाकू लागल्या, तेव्हा त्याला आजीची चाल मानायचं की धर्माची खूण, हा नवा पेच उभा राहिला. कोसोव्होत सरकारी शाळांमध्ये रुमालाला मनाई झाली. बल्गेरियाने २०१६ मध्ये चेहरा झाकण्याविरुद्ध देशभर कायदा केला. तिथे १९८० च्या दशकातच अल्पसंख्याक तुर्कांची नावं सरकारने सक्तीने बदलताना त्यांच्या पोशाखावरही गदा आली होती. बोस्नियात न्यायालयांतल्या कर्मचाऱ्यांना धार्मिक खुणा वापरायला मनाई झाली, तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये सारायेव्होच्या रस्त्यांवर बायकांचा मोर्चा निघाला. १९५० मध्ये चेहऱ्यावर थांबलेली बंदी आता निदान कचेरीत तरी डोक्यापर्यंत आली होती.