मेदयुक्त यकृत: वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि रक्तातील मेद

लठ्ठपणामुळे यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला, की त्याला मेदयुक्त यकृत किंवा फॅटी लिव्हर म्हणतात. वजन घटवण्याच्या म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर हा मेद उतरतो आणि रक्तातले मेदही बदलतात. मात्र सगळे सारखे नाहीत.

या आजारात बहुधा ट्रायग्लिसराइड हे रक्तातले मेद चढलेले आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, उतरलेले असते. एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा बेताचा दिसला तरी त्याचे कण बारीक व घट्ट असतात. मूळ इन्सुलिनरोधात, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट प्रतिसाद न देण्यात, आहे. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या चरबीतून मेदाम्ले यकृताकडे येत राहतात, यकृत साखरेपासूनही मेद बनवते आणि तो व्हीएलडीएल या मेदवाहू कणांत भरून रक्तात सोडते. शस्त्रक्रियेनंतर आहार घटतो, आतड्यातले जीएलपी-१ संप्रेरक वाढते, इन्सुलिनला पुन्हा प्रतिसाद मिळू लागतो आणि ट्रायग्लिसराइड लवकरच खाली येतात. एचडीएल पहिल्या काही महिन्यांत घसरू शकते, पुढे चढते. त्या घसरणीने रुग्णाने घाबरून जाऊ नये.

एलडीएलचे गणित शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. स्लीव्ह या प्रकारात जठर कापून अरुंद करतात, आतडे तसेच राहते. एलडीएल फारसे हलत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते आणि एलडीएलही उतरते. आतड्याचा हा वाटा १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉश’ या अमेरिकी चाचणीत ठळक दिसला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८३८ जणांपैकी ज्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग वगळला, त्यांचे एलडीएल पाच वर्षांनी इतरांपेक्षा सुमारे ३८ टक्के कमी होते. तिथे वजन घटवणे हा हेतूच नव्हता.

गोव्याला हा विषय जवळचा आहे. २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या अहवालात मधुमेहाचे देशातले सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले, आणि मधुमेह व मेदयुक्त यकृत बहुतेकदा बरोबरच येतात. शीतकडीतल्या, म्हणजे गोव्याच्या रोजच्या भात-कालवणातल्या, नारळात एलडीएल वाढवणारा संपृक्त मेद भरपूर असतो. स्लीव्ह झालेल्याने एलडीएल पाहूनच त्याचे प्रमाण ठरवावे. मद्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. बायपासनंतर दारू झपाट्याने चढते, शिवाय ट्रायग्लिसराइड आणि यकृत दोन्ही बिघडवते. म्हणून फेणी-हुर्राक या गोव्याच्या दारूंबद्दल रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट विचारायला हवे. ‘थोडीशीच घेतो’ एवढ्यावर सोडून देणे धोक्याचे आहे. वजन उतरले म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळीही आपल्या मनाने बंद करू नये. लिपिड प्रोफाइल ही रक्तातल्या मेदांची तपासणी पुन्हा करून तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.