‘असे आढळून आले’, पण कोणाला?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागायतदाराला विचारा, तो म्हणेल, ‘‘मजूरच मिळत नाहीत हो.’’ घड वाहणाऱ्या मजुराला विचारा, तो म्हणेल, ‘‘एवढ्या मजुरीत भागत नाही.’’ दोघंही खरंच बोलत असतात. पण विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय ‘केळी उत्पादकांपुढील मजूरटंचाई’ असा घेतला, की पहिली प्रश्नावली भरायच्या आधीच तो बागायतदाराच्या ओट्यावर जाऊन बसलेला असतो. विषय ‘मजुरीचे दर आणि कामाचे दिवस’ असा असता, तर तोच तालुका त्याला वेगळा दिसला असता.

संशोधक कुठे उभा राहून बघतो, हे त्याच्या जात, लिंग, बोलीवरून ठरतंच. शिवाय कोणाच्या ओळखीने गावात शिरलो, कुठे जेवलो, कोणत्या महिन्यात गेलो, यावरूनही ठरतं. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली यावर नेमकं बोट ठेवलं: बाहेरून येणारा अभ्यासक डांबरी रस्त्यालगतची गावं बघतो, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशी बोलतो, आणि पावसाळा टाळून येतो.

सातपुड्यात हे ताडून पाहा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जायला दिवाळीनंतर सोयीचं. तेव्हा ज्वारी नुकतीच घरात आलेली असते, आणि बरीच धडधाकट माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. म्हणजे भेटतात म्हातारी माणसं, आणि कणगी भरलेली दिसते. श्रावण-भाद्रपदात धान्य सरत आलेलं, नाल्यांना पूर, घरात ताप-हगवण, आणि संशोधक जळगावात. कुपोषणावर लिहिताना हे दोन महिने गाळायचे म्हणजे कमालच! तक्त्यातले आकडे खोटे नसतात, पण ते जानेवारीचे असतात. निष्कर्षात मात्र ‘या भागातील कुटुंबे’ असं सरसकट छापलं जातं.

अहिराणी, म्हणजे खानदेशची बोली, तिच्या अभ्यासातही हे दिसतं. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा जो खंड १९०७ साली निघाला, त्यात ती ‘खानदेशी’ या नावाने भिल्ली भाषांसोबत मांडली आहे. ग्रिअर्सन सनदी अधिकारी. नमुने बहुतांशी सरकारी यंत्रणेमार्फत आले, आणि ठरलेला मुख्य नमुना होता बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं त्या-त्या बोलीतलं भाषांतर. जात्यावरची ओवी म्हणणारी बाई अशा कामात सहसा बोलावली जात नाही. सर्वेक्षणाने ही पद्धत लपवली नाही, म्हणून तर आज आपण त्यावर बोलू शकतो.

म्हणजे सगळंच सापेक्ष, असा याचा अर्थ कोणी काढू नये. केळीच्या पानातला विषाणू प्रयोगशाळेत तपासणाऱ्याची जात बघत नाही. पण नमुने कोणाच्या बागेतून उचलले आणि कोणाची बाग राहून गेली, हा प्रश्न तिथेही उरतोच.

हल्ली प्रस्तावनेत ‘मी अमुक समाजातील, शहरात वाढलेली’ असं लिहायची पद्धत पडते आहे. नुसतं तेवढंच असेल तर ती हजेरी झाली. त्यापुढे कोणी लिहिलं की ‘या मजूर महिलांच्या मुलाखती माझ्या काकांच्या मळ्यात, मुकादमासमोर झाल्या’, तर ‘मजुरीबाबत समाधानी’ या रकान्यावर किती विसंबायचं हे वाचकाला कळतं. अर्थात त्यासाठी ते वाक्य प्रस्तावनेत नको, त्या तक्त्याच्या खालीच हवं.