कादंबरीकार अभ्यासमंडळ

एकाच कादंबरीकाराच्या साहित्याचे संकलन, संशोधन व जतन करण्यासाठी स्थापन झालेली संस्था. इंग्लंडमध्ये ब्राँटे भगिनींसाठी १८९३ मध्ये, डिकन्ससाठी १९०२ मध्ये आणि जेन ऑस्टेनसाठी १९४० मध्ये अशा संस्था निघाल्या. ऑस्टेनच्या संस्थेचा मूळ उद्देश तिचे चॉटन येथील घर वाचवणे हा होता. मराठीत साहित्यसंस्था प्रामुख्याने प्रदेशाच्या नावाने उभ्या राहिल्या. १९२३ मध्ये स्थापन झालेला व नागपूर हे केंद्र असलेला विदर्भ साहित्य संघ हे त्याचे ठळक उदाहरण. लेखकाच्या नावाने आपल्याकडे निघते ते बहुधा स्मृतिव्याख्यान किंवा पुरस्कार, आणि हार-श्रीफळापुढे काम सरकत नाही.

मंडळाचे खरे काम सूचीपासून, म्हणजे लेखकाच्या सर्व लेखनाच्या नोंदीपासून, सुरू होते. नियतकालिकात क्रमशः आलेला मजकूर, पहिली आवृत्ती आणि पुढील आवृत्त्या समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते; कुठे परिच्छेद गळलेला असतो, कुठे बोलीतला संवाद मुद्रितशोधकाने प्रमाण करून टाकलेला असतो, आणि वऱ्हाडी बोली वापरणाऱ्या लेखकाच्या बाबतीत ही ‘दुरुस्ती’ म्हणजे हानीच असते. जुन्या प्रती ग्रंथालयांपेक्षा घरांतील कपाटांतून अधिक सापडतात, हे येथे नमूद करणे गैर ठरू नये.

प्रकाशनासाठी मात्र वारसांची संमती हवी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणून १९८६ मध्ये निवर्तलेले नागपूरचे कादंबरीकार पु. य. देशपांडे यांचे साहित्य २०४६ अखेरपर्यंत मुक्त होणार नाही. पत्रांबाबत हा नियम हमखास विसरला जातो: कागद ज्याला पत्र आले त्याचा असतो, मजकुरावरील हक्क मात्र लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा.

नोंदणीसाठी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात सदस्य, विधानपत्र (संस्थेचे नाव व उद्देश सांगणारा दस्तऐवज) व नियमावली लागते. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते व ते काम नागपुरात धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात होते. कार्यकारिणी बदलल्यास ९० दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ (बदल अहवाल) तेथे दाखल करावा लागतो. तो राहिला, की जुन्या व नव्या कार्यकारिणीचा वाद उभा राहतो आणि बँक खात्यावर सही कोणाची, हाच प्रश्न सूचीपेक्षा मोठा होऊन बसतो.