वसंतातील तीव्र हवामान : प्रादेशिक भेद आणि पूर्वतयारी

हिवाळा सरताना जमीन झपाट्याने तापू लागते, पण वरच्या थरांतली हवा अजून थंडच असते. या तफावतीमुळे वातावरण अस्थिर होते. त्याला बाष्पाची जोड मिळाली की गडगडाटी वादळे, गारपीट, विजा आणि टोर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारे वाऱ्याचे प्रचंड भोवरे) उद्भवतात. कोरड्या प्रदेशात अशा वादळांतून पावसापेक्षा धूळच अधिक येते आणि बर्फाळ प्रदेशात संकट नदीवाटे येते. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण मार्च ते मे, तर दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो. ऋतू एकच असला तरी धोका प्रदेशागणिक बदलतो, त्यामुळे सरसकट सगळीकडे लागू पडेल अशी पूर्वतयारी नसते.

टोर्नेडोंची सर्वाधिक नोंद अमेरिकेत होते : वर्षाला सरासरी सुमारे १,२००. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा तिथे समोरासमोर येतात. पण त्या एका देशातही दोन तऱ्हा आहेत. ओक्लाहोमा, कॅन्ससच्या सपाट माळावर टोर्नेडो बरेचदा दुरून दिसतो. आग्नेयेकडील अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी या राज्यांत झाडी, टेकड्या आणि मुसळधार पाऊस त्याला झाकून टाकतात. शिवाय तो रात्री येण्याचे प्रमाण तिथे जास्त. २७ एप्रिल २०११ रोजी याच भागात एका दिवसात तीनशेहून अधिक माणसे दगावली. धोक्याचा भोंगा मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. गाढ झोपलेल्याला तो ऐकू येईलच असे नाही. म्हणून इथे उशाशी मोठ्याने वाजणारा हवामान-रेडिओ किंवा फोन हवाच. पक्क्या घरात तळघर, ते नसेल तर तळमजल्यावरची बिनखिडकीची आतली खोली गाठावी. कारखान्यात तयार करून आणून बसवलेल्या हलक्या घरांत मात्र असा कोपराच नसतो. तिथल्या रहिवाशांनी ‘वॉच’ म्हणजे अनुकूल परिस्थितीची सूचना मिळताच पक्की इमारत गाठणे शहाणपणाचे; ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो प्रत्यक्ष दिसल्याचा किंवा रडारवर आढळल्याचा इशारा येईपर्यंत हाती जेमतेम काही मिनिटे उरतात. दाब कमी व्हावा म्हणून खिडक्या उघडण्याचा जुना सल्ला चुकीचा आहे. उड्डाणपुलाखाली थांबणेही तितकेच घातक.

बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला चित्र वेगळे. छोटा नागपूर पठाराच्या बाजूने दुपारनंतर ढग चढत येतात, वारा एकाएकी पडतो आणि मग वायव्येकडून ‘कालबैसाखी’ हे गडगडाटी वादळ कोसळते. बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० लोक मरण पावले असे मानले जाते. जगातल्या सर्वांत प्राणघातक टोर्नेडोंत त्याची गणना होते. अशा वादळात छपराचे पत्रे उडतात आणि पात्यासारखे कापत जातात. तरीही तिथला दरवर्षीचा मोठा घातक म्हणजे वीज. ईशान्येकडच्या ‘हाओर’ या पाणथळ सखल पट्ट्यात हिवाळ्यात लावलेल्या ‘बोरो’ भाताची कापणी नेमकी एप्रिल-मेमध्ये येते आणि उघड्या शेतात उभा माणूसच सर्वांत उंच ठरतो. बांगलादेशाने २०१६ मध्ये विजेला आपत्तीचा दर्जा दिला. भारतात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देते. पण जवळपास पक्का आसरा नसेल तर सूचना मिळून काय उपयोग? शेताजवळ निवारे उभारणे हीच इथली खरी पूर्वतयारी.

वायव्य भारतात ‘आंधी’ म्हणजे धुळीचे वादळ येते. मे २०१८ च्या सुरुवातीला राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशा वादळांनी शंभराहून अधिक बळी घेतले; त्यांतले अनेक जण कोसळलेल्या भिंती आणि छपरांखाली सापडले. गोबी वाळवंटातली धूळ चीन ओलांडून कोरिया-जपानपर्यंत जाते. तिथे भर मास्कवर आणि दारे-खिडक्या बंद ठेवण्यावर असतो.

बर्फ वितळून येणाऱ्या पुरात उत्तरवाहिनी नद्या विशेष धोकादायक, कारण वरच्या अंगाला पाणी सुटते तेव्हा खालचे पात्र गोठलेलेच असते. सायबेरियातल्या लेना नदीवर बर्फ तुंबून मे २००१ मध्ये लेन्स्क शहर बुडाले; बर्फ फोडण्यासाठी विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. अमेरिका-कॅनडातली रेड नदीही उत्तरवाहिनीच. १९९७ च्या वसंतात ग्रँड फोर्क्स शहराला ४९ फूट पातळीचा अंदाज दिला होता. लोकांनी दिवसरात्र वाळूच्या गोणी रचून त्या बेताने बांध उंचावले. पाणी ५४ फुटांवर गेले आणि जवळजवळ सगळे शहर रिकामे करावे लागले. अंदाजाचा आकडा लोकांनी कमाल मर्यादा समजून घेतला होता. त्यानंतर नदीच्या पातळीचा अंदाज एका आकड्याऐवजी निरनिराळ्या पातळ्यांच्या शक्यतांसह देण्यावर भर वाढला.