पाणबुडीच्या कानांनी ऐकलेला समुद्र

विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवली आहे. 1969 साली ती नौदलात दाखल झाली, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि 2002 पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली आहे. लांबी 91 मीटर, आत सात कप्पे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल दारातून वाकून, अंग चोरून जावं लागतं. आतली माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतात. किती खोल जायचात, टॉर्पेडो किती असायचे, झोपायचात कुठे, हे प्रश्न त्यांना कुणीही विचारेल. मला वाटतं, त्यांना आधी विचारावं ते हे: खाली तुम्हाला काय ऐकू यायचं?

कारण पाणबुडीला खिडकी नसते. पेरिस्कोपच्या पल्ल्याखाली गेली की तिला जग कळतं ते फक्त कानांनी. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, आणि कितीतरी लांब पोचतो. सोनार यंत्राने स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकता येतो, पण आवाज सोडला की आपला ठावठिकाणा शत्रूला कळतो. म्हणून बहुतेक वेळ गप्प राहायचं आणि नुसतं ऐकायचं. कानांवर हेडफोन चढवून तासन्‌तास बसलेला सोनारवरचा नौसैनिक हाच अख्ख्या पाणबुडीचा कान. त्याला हवा असतो जहाजाच्या पंख्याचा आवाज. पण समुद्र त्याला बाकीचंही पुष्कळ ऐकवतो.

मालवणला पाण्यात तोंड घालून खडकांवरचे मासे पाहताना हे मी स्वतः अनुभवलं. मान पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी तडतड सुरू झाली, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी. डोकं वर काढलं की शांतता, खाली घातलं की पुन्हा तडतड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांच्या आणि बंदरांच्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनवर, हीच तडतड इतकी जोरात यायची की तिच्यात जहाजांचे आवाज बुडून जायचे. ती कशाची, हे शोधायला जीवशास्त्रज्ञ बोलावले गेले. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या मार्टिन जॉन्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजाचा माग काढत नेमका जीव गाठला: एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असलेली, बोटापेक्षाही लहान कोळंबी. उबदार, उथळ आणि खडकाळ तळाच्या पाण्यात तिच्या वसाहतीच्या वसाहती असतात. एकदा हे कळल्यावर कुठल्या किनाऱ्याजवळ किती गोंगाट असेल, याचा अंदाज बांधता येऊ लागला.

पण आवाज येतो कसा? नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटतात म्हणून, असं पुढची कित्येक वर्षं मानलं जात होतं. खरं कारण 2000 साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं. नांगी मिटते तेव्हा तिच्यातून पाण्याची बारीक धार इतक्या जोरात सुटते की तिथला दाब एकदम घसरतो आणि बाष्पाचा बुडबुडा तयार होतो. क्षणात बाजूचं पाणी त्याला चेपून टाकतं. तो बुडबुडा फुटतो, त्याचा तो ‘तड्’. फुटताना आतलं तापमान क्षणभर हजारो अंशांवर जातं आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा ठिपकाही उमटतो. गंमत अशी की जहाजाचा पंखा फार वेगाने फिरला की त्याच्या पात्यांवरही असेच बुडबुडे बनून फुटतात, आणि सोनारवरचा माणूस त्याच आवाजावरून जहाज ओळखतो.

त्याच जॉन्सन यांनी आणखी एक कोडं सोडवलं. 1942 मध्ये सॅन दिएगोजवळ सोनारच्या चाचण्या चालू असताना काही शे मीटर खोलीवरून असा स्पष्ट प्रतिध्वनी आला की जणू समुद्राचा तळच तिथे आहे. नकाशा सांगत होता की तळ खूप खाली आहे. जॉन्सन यांचं म्हणणं असं की हा थर जिवंत असेल तर तो अंधार पडल्यावर वर येईल. 1945 मध्ये जहाजावरून दिवसरात्र मोजमाप घेतलं, आणि संध्याकाळी तो ‘तळ’ खरोखरच वर सरकला! कोट्यवधी छोटे जीव रात्री खायला वर येतात आणि उजाडताना खाली उतरतात. त्यांतल्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी आवाज परत फेकते. आपल्या अरबी समुद्रात अशा लँटर्नफिश नावाच्या छोट्या माशांचे थवे मुबलक आहेत.

ऐकण्याचं हे काम विमानंही करतात. ‘विक्रांत’ या जुन्या विमानवाहू जहाजावरची तीन माणसांची अलिझे विमानं समुद्रात सोनोबॉय टाकायची. सोनोबॉय पाण्यावर तरंगतो, त्याचा हायड्रोफोन तारेने खाली उतरतो आणि ऐकलेलं रेडिओने विमानाकडे जातं. त्यांतलं एक अलिझे गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. विमानातल्या माणसालाही तोच पेच: हा आवाज यंत्राचा की जिवाचा? स्वीडनमध्ये हा पेच फार ताणला गेला. 1981 मध्ये सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रोनाजवळ खडकावर अडकली, आणि त्यानंतर किनाऱ्याजवळ ऐकू येणारा एक विशिष्ट आवाज परक्या पाणबुडीचाच समजला जाऊ लागला. 1990च्या दशकात तो शास्त्रज्ञांना ऐकवला गेला, तेव्हा उलगडा झाला की तो हेरिंग माशांचा थवा शरीरातून हवेचे बुडबुडे सोडतो त्याचा आवाज.

माझ्या मनात सगळ्यात घर करून राहिली ती दक्षिण महासागरातली हकिगत. 1960च्या दशकात ओबेरॉन वर्गाच्या पाणबुड्यांवरच्या सोनारवाल्यांना तिथे बदकाच्या ‘क्वॅक क्वॅक’सारखा आवाज ऐकू आला. त्यांनी त्याला ‘बायो-डक’ नाव दिलं. अंटार्क्टिकाभोवती आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला तो हिवाळ्यात वारंवार नोंदला जायचा. तो कोण काढतं, हे जवळजवळ 50 वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. 2013 मध्ये दोन अंटार्क्टिक मिंके देवमाशांच्या पाठीवर, ते खातात कसे हे पाहायला, छोटी यंत्रं चिकटवली होती. नोंदी उघडल्या तर आत बदक! 2014 मध्ये डेनिस रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि जुन्या ध्वनिफितींना एकदम नवा अर्थ आला. त्या काळी, त्या ठिकाणी मिंके होते, याचा तो पुरावा ठरला. बर्फाखालच्या हिवाळ्यात बोटीने जाऊन देवमासे मोजणं अतिशय अवघड असतं, म्हणून या पुराव्याची किंमत मोठी.

भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ 8 डिसेंबर 1967 रोजी नौदलात आली. पाठोपाठ आलेल्या ‘खांदेरी’चं नाव शिवाजी महाराजांनी थळजवळच्या बेटावर बांधलेल्या जलदुर्गाचं. त्या पाणबुड्यांवर ऐन पंचविशीत ऐकायला बसलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. किनाऱ्याजवळची तडतड कुठे संपायची, कुठल्या महिन्यात देवमासे गायचे, पावसाळ्यात समुद्राचा आवाज कसा बदलायचा, हे त्यांच्या कानांत साठलेलं असणार. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ग्रँड आयलंडजवळ माशांचे समूहस्वर आणि कोळंबीची तडतड हायड्रोफोनने नोंदवली आहे. त्या नोंदी हेडफोनवर लावून एखाद्या जुन्या सोनारवाल्या आजोबांना ऐकवाव्यात, आणि यातलं ओळखीचं काय, नवं काय आणि आता कोणता आवाज ऐकू येत नाही, हे विचारून लिहून घ्यावं.