बिनधुराड्याचा गॅस हीटर व वायुवीजन (मराठवाडा)

बिनधुराड्याचा गॅस हीटर : ज्वलनातून निघणारे वायू नळीवाटे घराबाहेर न नेता, ज्योत जेथे जळते त्याच खोलीत सोडणारे तापयंत्र. थंड प्रदेशांत हे नाव मुख्यतः खोली उबदार ठेवणाऱ्या यंत्राला लावतात. मराठवाड्यात खोली तापविण्याची गरज वर्षातून जेमतेम काही आठवडे भासते. परभणीचे किमान तापमान काही हिवाळ्यांत ५ अंश सेल्सिअसच्या खाली जात असले, तरी बहुतेक घरांत त्यावर घोंगडी आणि वाकळ हाच उपाय असतो. त्यामुळे या वर्गातले जे यंत्र येथे घरोघर पोहोचले, ते न्हाणीतले पाणी तापविणारा छोटा गॅस गीझर होय. दोन्ही यंत्रांचे ज्वलन, धोका आणि हवेची गरज एकाच स्वरूपाची असल्याने या नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

नावे : गीझर हा शब्द आइसलँडमधील गेसिर या उसळत्या उष्ण झऱ्याच्या नावावरून इंग्रजीत आला. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापविणारे घरगुती यंत्र तयार केले आणि त्याला हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्राला धूरनळी नव्हती, असे सामान्यतः सांगितले जाते. म्हणजे या यंत्राचा दोष त्याच्या जन्मापासूनचा आहे.

गीझर येण्यापूर्वी मराठवाड्यातील न्हाणीत बंब होता. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो पोर्तुगीज ‘बोंबा’ (पाणी उपसण्याचे यंत्र) यावरून आला. दुसऱ्या मताचे अभ्यासक हिंदीतील ‘बंबा’ हा शब्द अरबी ‘मंबा’ (झरा, उगमस्थान) याच्याशी जोडतात. हा प्रदेश निजामी राजवटीत होता आणि येथील कचेरीची भाषा दीर्घकाळ उर्दू होती, त्यामुळे दुसरे मत प्रथमदर्शनी आकर्षक वाटते. परंतु हिंदीत बंबा म्हणजे नळ, कालव्याचा फाटा, थोडक्यात पाण्याची वाट. मराठीत मात्र बंब नेहमीच यंत्र असतो. आग विझविणारा असो की पाणी तापविणारा. हा अर्थ पोर्तुगीज शब्दाला अधिक जवळचा आहे. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊन उच्चारात एकत्र झाले असणेही शक्य आहे.

व्युत्पत्ती कोणतीही असो, बंबाची रचना मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळी असते. तिच्या तळाशी जाळीवर गोवऱ्या किंवा लाकडाच्या ढलप्या पेटवतात आणि धूर त्याच नळीने वर जातो. म्हणजे बंबाला स्वतःचे धुराडे असतेच. शिवाय तो बहुधा अंगणात किंवा पडवीत ठेवला जाई आणि तापलेले पाणी घागरीने न्हाणीत नेले जाई. आग बाहेर आणि पाणी आत, ही जुनी वाटणी गॅस गीझरने मोडली.

ज्वलन व हवा : एक किलो घरगुती गॅस (प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण) पूर्ण जळण्यासाठी जवळपास १३ घनमीटर हवा लागते. त्यातून सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ किलो पाण्याची वाफ निर्माण होते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर सुमारे १२ किलोवॅट क्षमतेचा असतो आणि पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण ०.९ किलो गॅस जाळतो. आता ४ फूट रुंद, ५ फूट लांब व ८ फूट उंच अशी नेहमीची न्हाणी घेऊ. तिच्यात १६० घनफूट, म्हणजे साडेचार घनमीटर हवा मावते. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर तेवढी सगळी हवा हिशेबाने २३-२४ मिनिटांत ज्योतीलाच लागेल. आत अंघोळ करणारे माणूसही त्याच हवेवर असते.

प्रत्यक्षात इतका वेळ लागत नाही. हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून खाली घसरू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. त्यातच ज्योतीने वापरलेली हवा पुन्हा ज्योतीकडेच जात असल्याने बिघाड स्वतःच स्वतःला वाढवतो. या वायूला रंग, वास, चव काहीच नसते. गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो आणि जळताना तो नष्ट होतो. त्यामुळे ‘वास आला असता तर कळले असते’ हा भरवसा येथे निरुपयोगी आहे.

अमेरिकेत बिनधुराड्याच्या हीटरमध्ये ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस आपोआप तोडणारी ज्योत बसवावी लागते. तरीही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहत्या घरात असे हीटर वापरण्यास मनाई आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय गॅसविषयक संहितेनुसार ताशी दर १,००० बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचे एकक) खोलीचे आकारमान किमान ५० घनफूट हवे. हा निकष १२ किलोवॅटच्या यंत्राला लावला, तर सुमारे २,००० घनफुटांची खोली लागते. आपली न्हाणी त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढीही नाही. हीच संहिता स्नानगृहात ताशी ६,००० बीटीयूपेक्षा (सुमारे १.७५ किलोवॅट) मोठा बिनधुराड्याचा हीटर लावू देत नाही. आपल्याकडे सर्रास लावला जाणारा गीझर त्याच्या जवळजवळ सातपट आहे. भारतात या छोट्या गीझरांसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. खरेदी करताना त्याची खूण पाहावी, पण ती खूण यंत्रापुरती असते, खोलीला ती लागू होत नाही.

साणे व स्लॅब : मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा जाड थर. अशा घराला बाहेरच्या भिंतीत खिडक्या थोड्या किंवा मुळीच नसत. त्यांचे काम छतातील भोक करी. त्याला साणे (बोलीत साणं, सानं) म्हणतात. साण्यातून उजेडाचा कवडसा आत येई आणि चुलीचा धूर वर जाई. दाराखालच्या फटीतून गार हवा आत, तापलेली हवा साण्यातून बाहेर, असा प्रवाह दिवसभर चाले. पाऊस आला की वर चढून ते झाकणे हे घरातल्या कोणाचे तरी ठरलेले काम असे. वायुवीजनशास्त्रात ज्याला ‘खालचे व वरचे असे दोन झरोके’ म्हणतात, ते या घरात कोणी न शिकवता होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील अशी असंख्य घरे कोसळली. दगड-माती आणि माळवदाच्या भाराखाली हजारो माणसे दगावली. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली आणि पत्रा व सिमेंटचा स्लॅब यांकडे लोक वेगाने वळले. हा बदल योग्यच होता. मात्र माळवदाबरोबर साणेही गेले आणि त्याच्या जागी काय ठेवायचे याचा विचार झाला नाही. नव्या न्हाणीला दाराच्या वर किंवा मागच्या भिंतीत काचेच्या झडपांचा व्हेंटिलेटर असतो. थंडीत तो पोत्याने, थर्माकोलने किंवा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी बुजवला जातो. एरवी त्याला डासांची जाळी असते आणि ती धुळीने भरलेली असते. साधारणपणे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, भारनियमनाच्या काळात, गॅस गीझर अशा खोलीत येऊन बसला. विजेच्या गीझरला पर्याय म्हणून तो सोयीचा ठरला, हे नाकारता येत नाही.

बसविण्याची जागा : जाणकारांत दोन मते आहेत. पुरेसे झरोके असतील तर गीझर न्हाणीत चालतो, असे काही तंत्रज्ञ मानतात. दुसरे मत असे, की ज्या खोलीत माणूस कडी लावून उभे राहते त्या खोलीत उघडी ज्योत नकोच. वरील आकडे पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. गीझर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या पडवीत किंवा गच्चीच्या जिन्याखालील हवेशीर जागेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्यावी. दहा-बारा फूट नळी वाढली तर सुरुवातीचे तांब्याभर पाणी गार येते, नुकसान एवढेच. वरून पावसासाठी पत्र्याची पडदी हवी, पण ती यंत्राच्या माथ्याला टेकलेली नसावी. गरम वायू तेथूनच निघतात. जोराचा वारा थेट ज्योतीवर येणार नाही हेही पाहावे.

यंत्र घरातच लावणे भाग असेल तर धूरनळीचा प्रकार घ्यावा. नळी चढती असावी व तिचे तोंड मोकळ्या हवेत उघडावे. छताखालील पोकळीत किंवा शेजारच्या खोलीत सोडलेली नळी निरर्थक होय. त्याही खोलीला दोन कायमचे झरोके हवेत : एक जमिनीपासून फूटभराच्या आत, दुसरा छतापासून फूटभराच्या आत. दोन्ही थेट बाहेर उघडत असतील, तर १२ किलोवॅटसाठी प्रत्येकाचे निव्वळ मोकळे क्षेत्र किमान ६६ चौ. सेंमी. लागते. जाळी व झडपांनी अडलेला भाग यात धरलेला नाही, म्हणून भोक निदान दुप्पट ठेवणे शहाणपणाचे. हवा बाहेरून नव्हे तर लगतच्या मोठ्या खोलीतून घ्यायची असेल, तर प्रत्येक झरोका ६४५ चौ. सेंमी.पेक्षा लहान चालत नाही. खालच्या झरोक्याला आणखी एक काम असते. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर जमिनीलगत साचतो आणि तेथूनच त्याला वाट मिळते. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवू नये.

केवळ एक्झॉस्ट पंखा लावून काम भागत नाही. आत हवा यायला वाट नसेल, तर पंखा धूरनळीतूनच हवा ओढतो आणि बाहेर जाणारे वायू उलटे खोलीत येतात. याची परीक्षा सोपी आहे. दार लावून, पंखा व गीझर सुरू करून पेटती उदबत्ती खालच्या झरोक्याजवळ धरावी. धुराची रेघ आत झुकली पाहिजे. मग ती धूरनळीच्या जोडाशी धरावी. तेथे धूर खोलीकडे ढकलला जात असेल, तर यंत्र लगेच बंद करावे.

नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून कधीही पाहू नये. रबरी नळी सुरक्षा प्रकारची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ज्योत निळी व ठाम हवी. पिवळी शेंडी, काजळी किंवा डोळे चुरचुरणे ही अपुऱ्या ज्वलनाची चिन्हे होत. मराठवाड्यातील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असल्याने तांब्याच्या नळ्यांत आतून क्षार बसतात. नळ्यांवरच्या पात्यांत बाहेरून काजळी अडकली तर वायूंची वाटच बुजते. म्हणून दरवर्षी थंडीच्या आधी सफाई करून घ्यावी. काही गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, पाण्याचा दाब कमी झाला किंवा ज्योत विझली की गॅस तोडतात. पण यांतले कोणतेही साधन हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही.

बाळंतिणीची शेगडी : गॅसचा संबंध नसला तरी हा प्रकार येथे सांगायलाच हवा. बाळंतिणीला शेक देताना बाजेखाली गोवरीच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकतात. वारा लागू नये म्हणून दार लोटतात आणि फटीला फडके लावतात. निखारे धूर देत नाहीत म्हणून ते निर्धोक वाटतात, परंतु कार्बन मोनॉक्साइड त्यांतूनच मुबलक निघतो. जन्मलेले मूल त्याच खोलीत असते. शेक देताना दार-खिडकी किलकिली ठेवावी आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी.

विषबाधा : कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने १८५७ च्या सुमारास हे बंधन दाखविले. डोके जड होणे, मळमळ, पाय गळणे अशी सुरुवात होते. अनेकांना कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. न्हाणीत आलेला झटका अपस्मार समजून त्याच्या गोळ्या सुरू झाल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. माणूस आत बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार सताड उघडावे, गॅस बंद करावा आणि त्याला उघड्यावर आणावे. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. म्हणून माणूस शुद्धीवर आले तरी दवाखान्यात नेणे टाळू नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८-९९ टक्के दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते. त्यासाठी ‘न्हाणीत गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.